तापमान आटोक्यात, व्होल्टेज मोकाट

घरगुती संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि हा छंद मनापासून जोपासणाऱ्यांमध्ये एक मत इतके मुरले आहे की त्याचा पुरावा मागण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. तापमान आटोक्यात असेल तर प्रोसेसरला किती व्होल्टेज दिले हा प्रश्न गौण ठरतो, चिप बिघडते ती उष्णतेने, आणि म्हणून उत्तम हीटसिंक किंवा लिक्विड कूलर बसवला की बायोसमधला, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधला, व्होल्टेजचा आकडा निर्धास्तपणे चढवावा, असे ते मत आहे. नवख्याने विचारले की "टेम्परेचर ऐंशीच्या खाली आहे ना, मग अजून थोडं दे" हा सल्ला त्याला हमखास मिळतो. हा सल्ला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या घटनांनी तो वारंवार खोटा ठरवला आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो बहुधा सल्ला ऐकणारा, देणारा सहसा नामानिराळाच राहतो.

या मताला बळ मिळते ते एका खऱ्या गोष्टीमुळे. प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर १.१ चा वर्ग १.२१, त्याला १.०५ ने गुणले की १.२७, म्हणजे वेगात ५ टक्क्यांची भर आणि उष्णतेत २७ टक्क्यांची. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारा गळतीचा प्रवाह तर या हिशेबात धरलेलाच नाही. साहजिकच व्होल्टेज वाढवणाऱ्याची पहिली गाठ पडते ती तापमानाशी, आणि जो अडथळा आधी भेटतो तो एकटाच आहे असा ग्रह होऊन बसतो. उष्णता हा वाढीव व्होल्टेजचा एक परिणाम आहे, कूलर त्या एका परिणामाचा निचरा करतो, आणि बाकीचे परिणाम कूलरच्या आवाक्याबाहेर चिपच्या पोटात चालू राहतात.

त्यांपैकी पहिला ट्रान्झिस्टरच्या गेटशी, म्हणजे त्याची उघडझाप ताब्यात ठेवणाऱ्या टोकाशी, निगडित आहे. गेट आणि त्याखालचे सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो. इंटेलच्या ९० आणि ६५ नॅनोमीटर पिढ्यांमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा हा थर अवघ्या १.२ नॅनोमीटर जाडीचा होता, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या उंचीचा. अशा थरावर १.२ व्होल्टचा दाब दिला की त्याच्या आतले विद्युतक्षेत्र मीटरमागे १ अब्ज व्होल्ट इतके भरते, तर हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. नेमून दिलेल्या व्होल्टेजलाही हा थर किती ताणाखाली काम करत असतो हे यावरून ध्यानात यावे. ४५ नॅनोमीटर पिढीबरोबर २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त, तुलनेने जाडसर थर वापरात आणला आणि त्यामुळे गळती पुष्कळ कमी झाली, परंतु ताणाचे मूळ गणित बदलले नाही. दीर्घकाळ अशा क्षेत्रात राहिलेल्या थरात सूक्ष्म दोष साठत जातात, त्यांची साखळी आरपार जुळली की थर कायमचा फुटतो, आणि हे होण्याचा वेग विद्युतक्षेत्र वाढेल तसा सरळ प्रमाणात न वाढता घातांकी गतीने वाढतो. म्हणून येथे ०.१ व्होल्ट ही किरकोळ भर समजता येत नाही. ८०४८६ च्या काळात प्रोसेसरला ५ व्होल्ट लागत, तेव्हा ०.१ व्होल्ट म्हणजे २ टक्के होते, १.२ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला तेवढीच भर घातली तर ती ८ टक्क्यांच्या वर जाते.

दुसरा परिणाम तारांवर होतो. चिपमधल्या तांब्याच्या सूक्ष्म वाहकांतून प्रवाह वाहताना इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने धातूचे अणू जागचे हलतात, कालांतराने एकीकडे पोकळी आणि दुसरीकडे गाठ तयार होते, आणि शेवटी वाहक तुटतो किंवा शेजारच्या वाहकाला चिकटतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाहकाचे आयुर्मान दोन गोष्टींवर ठरते, एक तापमान आणि दुसरी प्रवाहाची घनता, आणि घनतेचा परिणाम स्थूलमानाने वर्गाच्या व्यस्त प्रमाणात होतो. तापमान तेच ठेवून घनता दुप्पट केली तर आयुष्य सुमारे चौथाईवर येते. या सूत्रात तापमान आहे, आणि चांगला कूलर आयुष्य वाढवतो हेही त्यातूनच सिद्ध होते. त्यामुळे कूलरवर खर्च केलेला पैसा वाया जातो असा याचा अर्थ नाही. मात्र त्याच सूत्रात प्रवाहही आहे, आणि व्होल्टेज व वारंवारता वाढली की वाढणारा प्रवाह कितीही मोठा रेडिएटर लावला तरी कमी होत नाही. तापमानवाद्यांनी सूत्राची एक बाजू वाचली आणि दुसरी सोडून दिली.

तिसरा परिणाम सर्वांत चोरपावलांनी येतो. गेटवर सतत दाब राहिल्याने ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकते, म्हणजे तोच ट्रान्झिस्टर त्याच व्होल्टेजवर पूर्वीपेक्षा मंद होतो. जी वारंवारता पहिल्या वर्षी १.३० व्होल्टवर स्थिर होती तिला पुढे १.३१ आणि मग १.३३ लागते, संगणक अधूनमधून अडखळू लागला की त्याचा मालक व्होल्टेज आणखी एक पायरी चढवतो, आणि त्या वाढीव व्होल्टेजने झिजेचा वेग आणखी वाढतो. ओव्हरक्लॉकिंग करणारे याला "चिप डिग्रेड झाली" असे म्हणतात आणि बऱ्याचदा नशिबाला बोल लावून मोकळे होतात, वास्तविक त्यांनी स्वतः बायोसमध्ये घातलेल्या आकड्याचे ते फळ असते.

एवढे शास्त्र बाजूला ठेवले तरी इतिहास पुरेसा बोलका आहे. जानेवारी २००२ मध्ये १३० नॅनोमीटर तंत्राने बनलेला नॉर्थवूड जातीचा पेंटियम ४ बाजारात आला. त्याच्या आधीचा १८० नॅनोमीटरचा विलामेट सुमारे १.७५ व्होल्टवर चालत असे, नॉर्थवूडला १.५ व्होल्ट पुरत, आणि जुन्या आकड्याची सवय असलेल्यांना नव्या चिपला १.७ किंवा त्याहून अधिक व्होल्टेज देण्यात काही वावगे वाटले नाही. तापमान उत्तम होते, चाचण्या निर्विघ्न पार पडत होत्या, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे प्रोसेसर एकाएकी बंद पडू लागले. या प्रकाराला त्या काळी सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम असे नावच पडले. एका पिढीचे सुरक्षित व्होल्टेज दुसऱ्या पिढीला लागू पडत नाही, हा त्यातून मिळालेला धडा होता, आणि आजही कुठल्याशा जुन्या चिपचा १.४ हा आकडा नव्या चिपसाठी बेधडक सुचवला जातो, यावरून तो धडा किती लोकांपर्यंत पोहोचला हे दिसते.

त्याहून मोठे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अनेकांच्या संगणकांत विचित्र रीतीने कोसळू लागले. गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डच बदलायला धावत, मूळ दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. जुलै २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले, की मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत नियंत्रण-आज्ञावलीतल्या चुकीमुळे हे प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमधल्या सुधारणेने ही मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाऊ नये असा बंध घातला; सप्टेंबरमध्ये स्पष्ट झाले की चढ्या व्होल्टेजने आणि तापमानाने झिजत होता तो प्रोसेसरच्या गाभ्यातला, म्हणजे कोअरमधला, घड्याळाचा ठोका सर्वत्र पोहोचवणारा परिपथ. कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. झालेली झीज मात्र कोणत्याही सुधारणेने भरून येणार नव्हती.

या प्रकरणातली एक बाब तापमानवाद्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. सप्टेंबरच्या खुलाशात कंपनीने असेही नमूद केले, की चढ्या व्होल्टेजची मागणी संगणक रिकामा किंवा हलक्या कामात असताना विशेषत्वाने होत होती. याचे कारण समजायला कठीण नाही. सर्व गाभे एकदम राबत असतात तेव्हा प्रोसेसर वारंवारता आवरती घेतो आणि व्होल्टेजही उतरते; एखाद-दुसरा गाभाच क्षणभर कामाला लागतो तेव्हा तो सर्वोच्च वारंवारता गाठू पाहतो आणि त्यासाठी सर्वोच्च व्होल्टेज मागतो. त्या वेळी एकूण प्रवाह थोडा असतो, उष्णता थोडी असते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा चाळीस-पन्नास अंश असा समाधानकारक दिसत असतो. म्हणजे गेटवरचा ताण सर्वाधिक असतो नेमका त्याच घटकेला तापमान सर्वांत निर्दोष दिसते. या उदाहरणापुढे "टेम्परेचर ठीक आहे ना" या प्रश्नात काही अर्थ उरत नाही.

यावर एक युक्तिवाद असा केला जातो, की द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणारे लोक कितीतरी अधिक व्होल्टेज देतात आणि त्यांचे प्रोसेसर तगतात. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, त्या थंडीत झिजेच्या बहुतेक प्रक्रिया मंदावतात, आणि विक्रमाचा प्रयत्न काही मिनिटांचा असतो. त्या प्रोसेसरवर पुढची पाच वर्षे कोणी हिशेब लिहिणार नसतो की मुलांचे प्रकल्प करणार नसतो. त्याचा दाखला घरगुती संगणकाला देण्यात काही तथ्य नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे. कित्येक जण चोवीस-चोवीस तास प्राइम९५ चालवतात; हा १९९६ पासून मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी वापरला जाणारा प्रोग्रॅम प्रोसेसरवर प्रचंड भार टाकतो आणि गणितात चूक झाली की लगेच दाखवतो. अशी चाचणी पार पडली म्हणजे व्होल्टेज योग्य आहे, असे त्यांचे म्हणणे असते. चाचणी करण्याची शिस्त निश्चितच चांगली आहे, पण तिने उत्तर मिळते ते वेगळ्या प्रश्नाचे. हे व्होल्टेज या वारंवारतेला आज पुरेसे आहे का, एवढेच ती सांगते. ते व्होल्टेज चिपला सोसवेल का, याबद्दल ती काहीच सांगत नाही, उलट व्होल्टेज जितके जास्त तितकी ती पार पडण्याची शक्यता अधिक. शिवाय चूक नेहमी संगणक बंद पाडूनच प्रकट होते असे नाही. बहुतेक घरगुती संगणकांत मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी व्यवस्था नसते, गाभ्यातल्या गणनेवर तर बाहेरून कोणाचा पहारा नसतो, आणि एखादा बिट उलटून फोटोंची फाइल किंवा जतन केलेला ताळेबंद बिघडला तर ते महिनोन्‌महिने कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांमधल्या हार्डवेअर-बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेली यंत्रे लक्षणीयरीत्या अधिक वेळा कोसळतात, आणि नेमलेल्यापेक्षा मंद चालवलेली यंत्रे अधिक भरवशाची ठरतात, हा त्याचा निष्कर्ष होता.

तिसरा गट व्होल्टेजला हात न लावल्याचे समाधान बाळगतो. फक्त मल्टिप्लायर, म्हणजे मूळ घड्याळाला ज्या संख्येने गुणले जाते ती संख्या, वाढवायची आणि व्होल्टेज "ऑटो"वर ठेवायचे, ही त्यांची रीत. पण ऑटो याचा अर्थ व्होल्टेज होते तेवढेच राहील असा नाही. वारंवारता वाढलेली दिसली की मदरबोर्ड आपल्या ठोकताळ्यानुसार व्होल्टेज वाढवतो, आणि ग्राहकाची तक्रार येऊ नये म्हणून तो ठोकताळा बहुधा सढळ हाताचा असतो. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, त्यातही थरावर थर रचलेली कॅश असलेले, सॉकेटमध्येच फुगून जळाले. मालकांनी फार तर मेमरीचा तयार वेगवान प्रोफाइल निवडलेला होता, आणि त्यासरशी मदरबोर्डने मेमरी-नियंत्रक ज्या भागात असतो त्याचे व्होल्टेज वाढवून ठेवले होते. एएमडीने नंतर त्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. व्होल्टेजचा रकाना रिकामा सोडणे हाही एक निर्णय असतो, आणि तो दुसऱ्यावर सोपवलेला असतो.

ज्यांनी रकाना भरला त्यांच्याही हातून निसटणारी गोष्ट म्हणजे लोड-लाइन. मदरबोर्डवरचा व्हीआरएम, म्हणजे १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्टमध्ये रूपांतर करणारा परिपथ, भार वाढेल तसे व्होल्टेज मुद्दाम थोडे खाली येऊ देतो. हा उतार समजा १ मिलिओहम आहे आणि प्रोसेसर १५० अँपिअर ओढत आहे, तर बायोसमध्ये १.३५ लिहिलेले असताना प्रत्यक्षात १.२० व्होल्ट मिळतात. हे पाहून पुष्कळ जण अस्वस्थ होतात, हा मदरबोर्डचा दोष मानतात, आणि लोड-लाइन कॅलिब्रेशन या पर्यायाची सर्वांत कडक पातळी निवडून उतार सपाट करून टाकतात. आता भारातही १.३५ मिळतात आणि आलेख सरळ दिसतो. परंतु भार एकदम उतरतो त्या क्षणी व्हीआरएमच्या गुंडाळ्यांमध्ये साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी असते, आणि व्होल्टेज काही मायक्रोसेकंद उसळी घेते. उतार शिल्लक असताना ही उसळी १.२० पासून सुरू होते आणि १.३५ च्या आत सामावली जाते. उतार पुसून टाकल्यावर ती १.३५ पासूनच सुरू होते आणि त्याच्या वर जाते. व्होल्टेज दाखवणारी सॉफ्टवेअरे सेकंदाला फार तर काही वेळा वाचन घेतात, त्यामुळे त्यांत ही उसळी कधीच दिसत नाही, मल्टिमीटरलाही ती सापडत नाही, तिच्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. म्हणजे ज्याला दोष समजून काढून टाकले ती चिपच्या संरक्षणासाठी केलेली तरतूद होती. मधली पातळी ठेवून भारातले व्होल्टेज पुरेसे आहे की नाही हे तपासणे, एवढेच येथे शहाणपणाचे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी येथेच नोंदवायला हव्यात. घरात स्टॅबिलायझर आहे म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज सुरक्षित, असे काही जण समजतात. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या चढउताराचा आणि प्रोसेसरच्या सव्वा व्होल्टचा असा थेट संबंध नाही, मधला वीजपुरवठा आणि व्हीआरएम बहुतेक चढउतार पचवतात, आणि बायोसमध्ये चुकीचा आकडा घातला असेल तर स्टॅबिलायझर तिथे काहीच करू शकत नाही. दुसरी गोष्ट हवामानाची. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना खोलीच पस्तीस-अडतीस अंशांवर असते, गळतीचा प्रवाह वाढतो, आणि जानेवारीत बेताने स्थिर झालेली जुळवणी ढासळते. त्या वेळी व्होल्टेज वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण उष्णता आणि ताण दोन्ही एकदम वाढतात. वारंवारता शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवणे हा योग्य उपाय.

ओव्हरक्लॉकिंगच करू नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर, अनेकदा व्होल्टेजला हातही न लावता, चालत असे, आणि मोजक्या पैशांत दीडपट वेग मिळवणाऱ्यांचा तो आनंद रास्त होता. फरक एवढाच पडला आहे, की कंपन्या तेव्हा जी मोकळी जागा सोडत ती आता टर्बोच्या, म्हणजे वारंवारता आपोआप वाढवणाऱ्या सोयीच्या, रूपाने त्या स्वतःच वापरून टाकतात, आणि म्हणून उरलेला थोडा वेग मिळवायला व्होल्टेजची किंमत फार पडते. या परिस्थितीत कामाचा क्रम उलटा हवा. आधी वारंवारता ठरवून तिला लागेल तेवढे व्होल्टेज देत जाण्याऐवजी, त्या विशिष्ट पिढीसाठी व्होल्टेजची कमाल मर्यादा आधी ठरवावी, ती भारातल्या आणि हलक्या कामातल्या अशा दोन्ही वाचनांवर पडताळावी, आणि त्या मर्यादेत जी वारंवारता मिळेल ती स्वीकारावी. एका पायरीसाठी ०.०२ व्होल्ट लागले आणि पुढच्या तेवढ्याच पायरीसाठी ०.०६ मागितले, तर तिथेच थांबावे, मग तापमान कितीही चांगले असो. स्थिर व्होल्टेज कायम लादण्यापेक्षा ऑफसेट, म्हणजे कंपनीच्या व्होल्टेज-वक्रात ठरावीक वाढ किंवा घट करणारा प्रकार, बरा, कारण त्यात विश्रांतीच्या वेळी व्होल्टेज खाली येते. बऱ्याच आधुनिक प्रोसेसरांना तर उणे ऑफसेटच अधिक मानवतो. एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये एकेका पायरीने सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात, आणि वाचलेली उष्णता टर्बोला उपयोगी पडून तोच प्रोसेसर कमी व्होल्टेजवर अधिक वेगाने धावतो. मात्र याचीही चाचणी हलक्या कामात करावी लागते, कारण उणे ऑफसेटवरचे अपघात तिथेच होतात.

शेवटचा बचाव असा, की प्रोसेसर झिजून मरण्याआधी जुना होऊन बदललाच जातो, मग काळजी कशाची? नवी पिढी आली की संगणक बदलणाऱ्या थोड्यांच्या बाबतीत हे खरे असेल. आपल्याकडे मात्र थोरल्याचा संगणक धाकट्याकडे जातो, तिथून गावाकडच्या भाच्याकडे, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सेकंडहँड म्हणून विकला जातो, आणि घेणारा बहुधा तोच असतो ज्याला नवा परवडत नाही. तीन वर्षे १.४५ व्होल्ट सोसलेला प्रोसेसर बाहेरून नव्यासारखाच दिसतो, दुकानातल्या पाच मिनिटांच्या तपासणीत सुरळीत चालतो, आणि त्याची झीज पुढच्या उन्हाळ्यात अशा घरात उघडी पडते जिथे दुसरा संगणक नसतो. कंपनीची हमी ओव्हरक्लॉकिंगला सहसा लागू नसते. इंटेलने २०१२ पासून त्यासाठी वेगळे पैसे घेऊन संरक्षण योजना विकली आणि २०२१ मध्ये तीही बंद केली. तेव्हा ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर विकताना किंवा घरातल्याला देताना तो किती वारंवारतेवर चालवला याबरोबरच भारात किती व्होल्टेजवर आणि किती काळ चालवला हे लिहून देणे, आणि देण्यापूर्वी बायोस मूळ स्थितीत आणून तो नेमलेल्या व्होल्टेजवर नेमलेला वेग अजून गाठतो का हे तपासून दाखवणे, हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे.